अ‍ॅडापालिन की ट्रेटिनॉइन? मुंबईच्या हवेत चेहऱ्याला काय झेपेल

मुरुमांसाठी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलं की चिठ्ठीवर बहुतेक वेळा या दोनपैकी एक नाव असतं. दोन्ही व्हिटॅमिन ए-च्या घराण्यातली. दोन्ही रोमछिद्रं तुंबू देत नाहीत आणि दोन्हींचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम उलट वाढल्यासारखे वाटतात, आणि नेमके तेव्हाच लोक ट्यूब कपाटात टाकून देतात.

ट्रेटिनॉइन जुनं. 1971 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मुरुमांबरोबर बारीक सुरकुत्या आणि डागांवरही त्याचा अनुभव मोठा आहे. पण ते झोंबतं, साल काढतं. शिवाय उजेडात त्याची ताकद कमी होते, म्हणून रात्रीच लावायचं. बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरुमांचे जंतू मारणाऱ्या औषधासोबत साधं ट्रेटिनॉइन एकाच वेळी लावलं तर तेही वाया जातं. अ‍ॅडापालिनला या दोन्हींची फारशी बाधा नाही. 0.1 टक्के अ‍ॅडापालिन आणि 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच जेलमध्ये मिळतं ते त्यामुळेच. जळजळही कमी. अमेरिकेत 0.1 टक्के जेल 2016 पासून चिठ्ठीशिवाय मिळतं; आपल्याकडे मात्र चिठ्ठी लागते.

माझं मत विचाराल तर नुसत्या मुरुमांसाठी पहिल्यांदाच सुरुवात करताय, तर डॉक्टरांना अ‍ॅडापालिनबद्दल विचारा. कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीचं आहे: जळजळ झाली की मुरुम जातो, काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. सुरकुत्याही डोक्यात असतील आणि थोडी सालं निघालेली चालणार असतील, तर ट्रेटिनॉइन, तेही 0.025 टक्क्यांपासून.

जेल की क्रीम? मे महिन्यात विरार लोकलमधून घामाघूम होऊन उतरणाऱ्या तेलकट चेहऱ्याला जेल बरं. दिवसभर एसीत बसून चेहरा ओढल्यासारखा होत असेल तर क्रीम.

लावण्याची रीत दोन्हींची एकच. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. मग मटाराच्या दाण्याएवढं घेऊन कपाळ, गाल, हनुवटीवर टिपके द्या आणि पसरवा. नुसत्या मुरुमावर थापायचं नाही. डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे, ओठ टाळा. सुरुवातीला एक दिवसाआड, वर मॉइश्चरायझर. सकाळी किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, पावसाळ्यातसुद्धा. ढगांतून अतिनील किरणं येतातच. पार्लरमध्ये चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी औषध थांबवा, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर दोन्ही नकोत.

तीळ, मस किंवा न ओळखलेला चट्टा यावर हे आपल्या मनाने लावू नका.

आणि एक तिसरी ट्यूब. केमिस्टकडे ‘गोरं व्हायचं क्रीम’ मागितलं की कधी हातात येते. मागचं बारीक अक्षर वाचा: हायड्रोक्विनोन (डाग उजळवणारं औषध), ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. महिनोन्‌महिने लावलं की चेहरा लाल होतो, कातडी पातळ होते, नवे मुरुम येतात. असं क्रीम बरेच महिने चालू असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. तेव्हा ट्यूब पिशवीत टाकून डॉक्टरांकडे जा आणि कसं सोडायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.