ओझोन मीटर घेतला आणि साडेचार हजार पाण्यात

दिवाळीनंतर पोराला धाप लागते म्हणून ऑनलाइन हवा तपासायचा एक डबा मागवला, ब्रँड नाही सांगत, उगाच भांडणं नकोत. बॉक्सवर पीएम २.५ (हवेतली अगदी बारीक धूळ) सोबत ओझोन (श्वासाला त्रास देणारा वायू) पण लिहिलेलं. आम्ही चेंबूरचे, एका बाजूला रिफायनऱ्या दुसरीकडे हायवे, म्हटलं आपल्याला नाही तर कोणाला लागणार.

दोन दिवस मस्त वाटलं. तिसऱ्या दिवशी रात्री ९ ला बायकोने भाकरीसाठी गॅस पेटवला आणि ओझोनचा आकडा १८ वरून थेट ७० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग)! अहो ओझोन काय शेगडीतून येतो का? गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग वगैरेंची वाफ भर उन्हात एकत्र आली की तो तयार होतो, म्हणजे दुपारचा पाहुणा, रात्री उलट गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइडच त्याला खाऊन टाकतो. मग शोधाशोध केल्यावर कळलं की असल्या स्वस्त सेन्सरला ओझोन आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड सारखेच वाटतात, त्यात आपली दमट हवा, बाल्कनीत ठेवला की आकडे नुसते नाचतात. हवा मोजायच्या मोठ्या स्टेशनांवर हवेतून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात आणि ओझोनने किती शोषला ते मोजतात, ते या डबीत कुठून येणार.

त्यापेक्षा सफर बघा, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचे आकडे देणारी सरकारी सेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, मुंबईत २०१५ पासून, फुकट, आणि पुढचा अंदाज पण देतात. फक्त एक करा, वरचा मोठा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा एकच आकडा) बघून थांबू नका, तो सगळ्यात वाईट असलेल्या एकाच प्रदूषकाचा असतो, हिवाळ्यात बहुतेक धुळीचा, ओझोन मागे लपतो. तो वेगळा बघायचा. आपल्याकडे ओझोनची ८ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. (मी आठवडाभर पीपीबी आणि मायक्रोग्रॅम सरळ शेजारी ठेवून तुलना करत होतो, हसू नका.)

आणि समुद्राची हवा म्हणजे शुद्ध हे डोक्यातून काढा. रात्री-पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे, धूर तिकडे जातो, उन्हात शिजतो आणि दुपारी खारा वारा तोच माल परत आणून देतो. पोराचं ३ चं क्रिकेट आता साडेपाचला केलंय.

सफरला ४ स्टार, अंदाज अख्ख्या एरियाचा असतो, आपल्या गल्लीचा नाही एवढंच. डब्याला १. रिटर्नची मुदत गेली, आता हॉलमध्ये घड्याळ म्हणून ठेवलाय, वेळ बरोबर दाखवतो.