क्रूझच्या बिलात रुपये दिसले की समजा, कात्री लागली

क्रूझची शेवटची रात्र. बॅगा केबिनबाहेर ठेवायची गडबड, मुलं झोपायला तयार नाहीत, आणि दाराच्या फटीतून एक कागद आत सरकतो. आता बऱ्याच जहाजांवर तो ॲपमध्येच येतो. एकूण आकडा बघायचा, "बापरे, एवढं झालं?" म्हणायचं आणि दिवा घालवायचा, एवढंच बहुतेक लोक करतात.

सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या सहलीचं, आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांचं एक बिल नमुन्यादाखल घेऊ. तळाशी दोन आकडे आहेत. यूएसडी ६००.००, आणि त्याखाली बारीक अक्षरात आयएनआर ५६,७००.००. हिशोब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपयांना धरला, तर सहाशे डॉलरचे ५४,००० होतात. वरचे २,७०० रुपये कसले, ते बिलात कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ते दरातच मुरवलेले असतात: ९० च्या जागी ९४ रुपये ५० पैसे.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तुमचं कार्ड भारतीय आहे हे यंत्राला कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून कळतं. मग डॉलरचे रुपये तुमच्या बँकेऐवजी जहाजाकडची पेमेंट कंपनी करते, स्वतःच्या दराने. "तुमच्याच चलनात पैसे भरा, नेमकी रक्कम आत्ताच कळेल," असं गोड बोलून ते गळ्यात मारतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे ग्राहकाला निवड द्यावीच लागते. दुकानात यंत्राच्या पडद्यावर दोन बटणं तरी दिसतात. काही जहाजांवर मात्र ही संमती चेक-इनच्या अटींमध्येच घेतलेली असते. टर्मिनलवर रांगेत, हातात चार पासपोर्ट धरून, जिथे खूण करायला सांगतात तिथे खूण करता तेव्हाच ती दिली जाते.

आता खरी मेख. बिल रुपयांत आलं म्हणजे बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर ती लावते ते जादा शुल्क, तरी वाचला, असं वाटतं. तसं नसतं. व्यापारी परदेशातला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका शुल्क घेतात. कोणी एक टक्का घेतं, कोणी नेहमीचा पूर्ण मार्कअप, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आपल्या नमुन्यात ५६,७०० वर एक टक्का आणि जीएसटी धरला तर ६६९ रुपये आणखी, म्हणजे ५७,३६९. बँक साडेतीन टक्के लावणारी असेल तर हाच आकडा ५९,०४२ होतो. तेच बिल सरळ डॉलरमध्ये लागलं असतं तर साडेतीन टक्केवाल्या कार्डावर साधारण ५६,२३० आणि दोन टक्केवाल्या कार्डावर ५५,२७४ पडले असते. खाल्लं-प्यायलं तेवढंच, फरक फक्त चलनाचा.

उपाय एकच, आणि तो वेळेत करायचा. जहाजावर चढलात की त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा आणि सांगा: माझ्या कार्डावर वसुली जहाजाच्या चलनात हवी, रुपयांत नको. तोंडी सांगून भागत नाही. एक छोटा फॉर्म असतो, तो भरून त्याचा फोटो काढून ठेवा. शेवटच्या सकाळी गेलात तर "वसुली होऊन गेली" हे उत्तर ठरलेलं.

यावर अनेकजण म्हणतात, मग कार्डाची कटकटच नको, रोख नेऊ. आधी रोखीचं गणित समजून घ्या. जहाजावर बार, फोटो, स्पा, दुकान कुठेही नोटा चालत नाहीत. सगळं केबिनचं दार उघडायच्या कार्डावर, सहीने. रोख म्हणजे काउंटरवर आगाऊ भरायची अनामत. ती संपली की तुमचं केबिन-कार्ड नाकारलं जातं आणि पुन्हा रांगेत उभं राहून भर घालावी लागते. उरलेली रक्कम शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी परत मिळते, तेव्हा त्या काउंटरपुढे अर्धं जहाज उभं असतं. अनामतीची पावती हरवली तर वाद घालायला हातात काही नाही. शिवाय इथे डॉलर घेताना मनी चेंजरचा चढा दर, उरलेले परत विकताना उतरता दर, म्हणजे दोन्हीकडून मार. जहाजातल्या एटीएमवर भरवसा ठेवू नका, दर वेळी वेगळं शुल्क कापलं जातं. आणि रोखीत चुकीची वसुली झाली तर मध्ये बँक नसते, चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागायची सोयच नसते.

तरी रोखीची एक बाजू चांगली आहे: मर्यादा पाळली जाते. मुलांच्या हातातही केबिन-कार्ड असतं आणि व्हिडिओ गेमच्या खोलीत ते टेकवलं की खेळ सुरू. नमुन्याच्या बिलात खेळांचे ४६ डॉलर आहेत, म्हणजे चार हजारांवर, आणि आईवडिलांना ते चौथ्या दिवशी कळतं. पण त्यासाठी रोख कशाला? मुलांच्या कार्डावरची खर्चाची परवानगी बंद करा, असं काउंटरवर सांगितलं की दोन मिनिटांत होतं. दार उघडतं, खर्च होत नाही.

खरा धोका डेबिट कार्डाचा आहे. कार्ड नोंदवलं की जहाज काही रक्कम अडकवून ठेवतं आणि खर्च वाढेल तशी रोज वाढवतं. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर (परदेशी चलन आगाऊ भरलेलं कार्ड) तुमचे खरे पैसे अडकतात. शेवटी पक्की वसुली वेगळी होते आणि अडकवलेली रक्कम सुटायला कधी आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे काही दिवस सहाशेच्या खर्चापायी बाराशे डॉलर गायब. सहलीनंतर सिंगापुरात दोन दिवस राहायचं असेल आणि हॉटेलनेही त्याच कार्डावर अनामत मागितली, तर पावतीऐवजी "डिक्लाइन्ड" छापून येतं. दोन क्रेडिट कार्डं न्या. एक जहाजाला, एक जमिनीवर.

कार्ड नोंदवायचं ते बंदरातच, जहाज सुटण्याआधी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवी कार्डं परदेशी वापरासाठी आपोआप चालू नसतात. ते बटण बँकेच्या ॲपमध्ये घरूनच चालू करा आणि मर्यादा घाला. समुद्रात ओटीपीची वाट बघत फोनचं रोमिंग उघडं ठेवलंत तर फोन जहाजाचं सागरी नेटवर्क पकडतो. नेहमीच्या सिंगापूर-मलेशियाच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं, आणि मग कार्डाऐवजी मोबाईलचं बिल बघून घाम फुटतो. बंदर सुटलं की एअरप्लेन मोड, नंतर हवं तर जहाजाचं वायफाय.

आता बिलातला सर्वात मोठा आकडा. टिप: २८८ डॉलर. माणशी दिवसाला १८, चार माणसं, चार दिवस. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर हा दर साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो आणि आपोआप लागतो, मुलांनाही. इथे जहाजाने फसवलेलं नसतं. फसवणूक बहुतेक वेळा आपल्याच गावात झालेली असते. एजंट बुकिंगच्या वेळी "टिप आणि पोर्ट चार्जेस" म्हणून रोख रुपये घेतो, कच्च्या कागदावर लिहून देतो, आणि कंपनीकडे भरतो फक्त भाडं. जहाजाच्या हिशेबी तुमची टिप बाकीच असते. तसंच "ड्रिंक्स पॅकेज"चं, तसंच "शंभर डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट फ्री"चं, म्हणजे जहाजावर खर्चायला मिळणाऱ्या रकमेचं. काउंटरवरचा माणूस नम्रपणे संगणक तुमच्याकडे वळवतो आणि त्यात त्यातलं काहीच नसतं. एजंट फोनवर म्हणतो, "तुम्ही भरून टाका, आल्यावर बघू." आल्यावर काय बघायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

हे पकडायला पाच मिनिटं लागतात, फक्त ती निघण्यापूर्वी काढायची. एजंटचं व्हाउचर बाजूला ठेवा आणि क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा. तो कंपनीच्या ॲपवर टाकला की टिप आगाऊ भरली आहे का, कुठली पॅकेजं नोंदली आहेत, क्रेडिट किती, सगळं दिसतं. तिथे नाही ते जहाजावरही नाही. पैसे खात्यातून द्या आणि पावतीवर "टिप, इतक्या माणसांची, इतक्या रात्रींची" असं वेगळं लिहून घ्या. क्रेडिट असेल तर न वापरलेलं परत मिळणारं आहे की नाही तेही विचारा. न मिळणारं असलं तर शेवटच्या रात्री संपवून टाका, नाहीतर ते बुडतं.

टिप काउंटरवर कमी करून मिळते, हे खरं. पण केबिन झाडणाऱ्या आणि ताटं उचलणाऱ्यांच्या वाट्याचा तो पैसा आहे. एजंटने खाल्लेले पैसे त्यांच्याकडून वसूल करण्यात शहाणपणा नाही.

बारच्या चिठ्ठीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. मॉकटेल आणि कॉफी मिळून शंभर डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, ११८. ते शुल्क चिठ्ठीवर छापलेलं असतं, आणि त्याखाली एक रिकामी ओळ: "अतिरिक्त टिप". संकोचाने तिथे दोन-दोन डॉलर लिहिणारे पुष्कळ. नमुन्यात असे आठ गेले. ओळ रिकामी सोडू नका, आडवी रेघ मारा, एकूण रक्कम स्वतः लिहा, मग सही. चिठ्ठीची प्रत मागून एका पाकिटात ठेवत जा. राहिलेले ८० वायफायचे आणि ६० फोटोंचे. फोटो तुम्हीच घेतले का, तेवढं तपासा. कधीकधी शेजारच्या केबिनच्या क्रमांकाची गल्लत होते आणि कोणाचे तरी फोटो आपल्या खात्यावर पडतात.

कॅसिनोत जायचंच तर खिशात मोजकी रोख घेऊन जा. केबिन-कार्डावर चिप्स उचलल्या तर अनेक जहाजांवर तीन ते पाच टक्के शुल्क लागतं, जिंका किंवा हरा.

खातं रोज रात्री बघायचं, ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर. शेवटच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन-चारच्या सुमारास, काउंटर रिकामा असतो. तेव्हा चिठ्ठ्यांचं पाकीट घेऊन जा आणि छापील हिशोब मागा. खटकणाऱ्या ओळीची मूळ सही दाखवायला सांगा. सही तुमची नसेल तर ती रक्कम तिथल्या तिथे निघते. सगळा हिशोब रोख डॉलर देऊन मिटवायचा असेल तर तोही याच वेळी मिटवता येतो, पण कार्डावर अडकवलेली रक्कम लगेच सुटेल असं समजू नका.

उतरल्यावर चूक सापडली तर आधी कंपनीला ईमेल, सोबत बिल आणि चिठ्ठ्यांचे फोटो. त्याच दिवशी बँकेकडे लेखी तक्रार. इथे एक बारकावा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा आणि शून्य जबाबदारी, ही सवलत तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. जहाजाला कार्ड तुम्हीच दिलेलं असतं. म्हणून अर्जात "फ्रॉड" लिहिलंत तर तो फेटाळला जातो आणि कार्ड मात्र बंद होतं. "रक्कम चुकीची" किंवा "संमतीशिवाय चलन बदलून वसुली" असं लिहा आणि चार्जबॅक मागा. रुपयांतली वसुली नाकारल्याच्या त्या फॉर्मचा फोटो इथे कामाला येतो. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट. एजंटविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे कच्चा कागदसुद्धा जोडा. एजंटच्या हस्ताक्षरातला असेल तर तो अगदीच वाया जात नाही.