मागे ओढलेलं हँडल: अकरा महिने, साडेनऊ हजार किलोमीटर

माझी उंची पाच फूट दोन इंच. गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, वजनाने दोनशे किलोच्या आसपास. घर साताऱ्यात शाहूपुरीत आणि शाळा मेढ्याच्या पुढे, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर ठरलेले. मोटरसायकलचं हँडल बदलल्याचा अनुभव लिहिण्याआधी हे सांगते, कारण हँडलबद्दल कुणाचाही अनुभव ऐकताना त्याची उंची, हाताची लांबी आणि रोजचा रस्ता पहिल्यांदा विचारायला हवा. मी तो विचारला नव्हता, म्हणून मला एकाच्या जागी दोन हँडलं घ्यावी लागली.

गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट यांना मुंग्या यायला लागल्या. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना खडू हातात आहे की नाही तेच समजायचं नाही. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी तळहाताच्या बाहेरच्या कडेला मनगटाजवळ दाबून दाखवलं. त्या दोन बोटांकडे जाणारी नस तिथून जाते आणि तळव्याची तीच बाजू ग्रीपवर रेटून ठेवली की ती दबते. त्यांनी विचारलं, "गाडीवर बसता तेव्हा कोपर वाकलेलं असतं का?" नसायचं. माझे हात काठीसारखे ताठ असायचे आणि रस्त्याचा प्रत्येक दणका थेट खांद्यात जायचा.

गॅरेजमध्ये विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मॅडम, हँडल उंच करून घ्या." म्हणून आधी इंचभराचे रायझर, म्हणजे हँडलखाली बसून ते वर उचलणारे ठोकळे टाकले. हात वर आले, पण मनगट होतं तसंच राहिलं आणि खांदे जास्त भरून यायला लागले. महिन्याभरात ते काढले.

मग मी मनाचं ऐकलं. सरळ ड्रॅग बार मला पहिल्यापासून आवडायचा. टाकीच्या पुढे एक आडवी काळी रेघ, बस. आजही ते हँडल मला सगळ्यात देखणं वाटतं. ते पाच महिने वापरलं. शाळेच्या फाटकासमोर गाडी उभी केली की लांबून बघायला फार छान वाटायचं, पण कण्हेरच्या पुढे गेलं की मान आखडायची. शिवाय बसवणाऱ्याने एक गोष्ट मला न विचारता केली, ती पुढे सांगते. तो बार आता पुतण्याच्या गाडीवर आहे. तो सहा फुटांचा आहे, त्याची कोपरं त्यावर सहज वाकतात आणि त्याची काही तक्रार नाही.

तिसऱ्या वेळी दुकानात जाण्याआधी घरीच मोजायचं ठरवलं. मूळ हँडल परत लावून गाडी मेन स्टँडवर घेतली, वर बसले, डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि कोपरं थोडी वाकवून हात पुढे केले. हात जिथे आपोआप थांबले तिथून ग्रीपपर्यंतचं अंतर ह्यांनी टेपने मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. उंचीत फरक जेमतेम एक सेंटिमीटर होता आणि पुढे-मागे तब्बल सहा. म्हणजे वर्षभर सगळे मला हँडल उंच करायला सांगत होते आणि माझ्या हातांना ते जवळ हवं होतं.

हँडलची मापं तीन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी, क्लॅम्पपासून, म्हणजे हँडल मधोमध जिथे आवळलेलं असतं तिथून, टोकापर्यंतची उंची, आणि तेच टोक क्लॅम्पच्या रेषेपासून चालवणाऱ्याकडे किती मागे आलंय तो पुलबॅक. उंची आणि रुंदी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे दुकानात बोलणं त्यांचंच होतं. पुलबॅक बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या मूळ हँडलची रुंदी ७९ सेंटिमीटर, उंची १० आणि पुलबॅक ११ होता. सरळ बारची रुंदी ७०, उंची २ आणि पुलबॅक ७, म्हणजे मला हवं होतं त्याच्या बरोबर उलट दिशेला मी पैसे खर्च केले होते. आता जे आहे ते ७४ रुंद, ११ उंच आणि १७ मागे.

मनगटाच्या कोनासाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन मुठींत दोन नवे खडू आडवे धरा, कोपरं अंगाजवळ ठेवा आणि हात पुढे करा. दोन्ही खडू एका रेषेत येत नाहीत. त्यांची बाहेरची टोकं आपल्याकडे झुकतात आणि किंचित खाली जातात. मनगटाला आवडतो तो हा कोन. सरळ बारवर तो मिळत नाही, मग मूठ वाकडी राहते आणि सगळा भार तळव्याच्या कडेवर येतो. नव्या हँडलचे ग्रीप जवळजवळ खडूंच्याच रेषेत आहेत.

दुकानात आणखी एक माप विचारून घ्या, नळीचा व्यास. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरची नळी असते. काही क्रूझरना एक इंची, म्हणजे २५.४ ची. जाड 'फॅट बार' क्लॅम्पपाशी २८.६ चे असतात आणि ग्रीपपाशी बारीक होऊन २२ चे होतात, त्यांना क्लॅम्पही वेगळा लागतो. चुकीच्या नळीभोवती पत्रा गुंडाळून काम भागवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे गाडी ठेवू नका.

हँडल २,६०० रुपयांना पडलं, मजुरी ७०० आणि ग्रीप वेगळे. केबल मूळच्याच पुरल्या, कारण उंची फारशी वाढली नाही. पण पहिल्याच संध्याकाळी गोंधळ समोर आला. आमच्या बोळातून गाडी डावीकडे पूर्ण वळवली आणि इंजिनचा आवाज आपोआप चढला. मी मूठ पिळलेली नव्हती. रेसची केबल वळताना ताणली जात होती. तसाच यू टर्न घेतला असता तर गाडी माझ्या हातून सुटली असती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीमामांनी केबल दुसऱ्या वाटेने घेतली आणि मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून दाखवलं. आवाज बदलला नाही. हँडल कुठलंही घ्या, गॅरेजमधून निघण्याआधी हे एवढं करून बघाच. ब्रेकची नळी कुठे ताणते का आणि ब्रेक ऑइलची डबी आडवी सपाट बसली आहे का, हेही तिथेच बघून घ्या.

आता ती न विचारता केलेली गोष्ट. ग्रीपशेजारी बटणांचा जो स्विच बॉक्स असतो, त्याच्या आत एक छोटी पिन असते आणि मूळ हँडलला तिच्यासाठी भोक असतं. त्यामुळे बॉक्स गोल फिरत नाही. बाजारातल्या हँडलला ते भोक असेलच असं नाही. सरळ बार बसवताना माझी ती पिन घासून टाकली होती. भर जुलैत, हातमोजे ओले, समोरून एसटी येतेय आणि मी डिपर द्यायला गेले तर अख्खा डावा बॉक्स अंगठ्याखाली फिरला. उजवीकडे असं झालं असतं तर रेसची मूठच फिरली असती. नवं हँडल लावताना मामांनी नवा बॉक्स मागवायला लावला आणि मोजून भोक पाडलं. खर्च वाढला, पण तो मी आनंदाने दिला.

चालवायला कसं वाटतं ते आता सांगते. रोजच्या रस्त्याला दहापैकी दहा. मुंग्या तिसऱ्या आठवड्यात कमी झाल्या आणि दोन महिन्यांत थांबल्या. फक्त हँडलनेच हे झालं असा दावा नाही, व्यायामही चालू होता. पण मध्ये एकदा गाडी दुरुस्तीला असताना चार दिवस मैत्रिणीची गाडी नेली, तर तिसऱ्या दिवशी करंगळी परत बधिर.

यवतेश्वरच्या घाटात फरक सगळ्यात छान कळतो. चढावरच्या आवळ वळणावर हँडल पूर्ण फिरवलं की बाहेरचा हात जवळजवळ वीतभर पुढे जातो. पूर्वी मला त्यासाठी कमरेतून झुकावं लागायचं, आणि वळणाच्या मध्यावर झुकलं की रेस हलायची. आता ग्रीप आधीच मागे आहे, त्यामुळे हात पुढे गेला तरी कोपरात वाक उरतो. कासला जाताना मी हा घाट कधी एवढ्या निवांतपणे चढले नव्हते. पण आतल्या बाजूचं टोक तितकंच जवळ येतं. जाड रेनकोट घातला असेल तर ते पोटाला टेकतं, आणि गुडघा बाहेर असेल तर गुडघ्याला. यापेक्षा दोन सेंटिमीटर जरी जास्त मागे घेतलं असतं तर ते हँडल मी परत केलं असतं.

मोकळ्यावर मात्र किंमत मोजावी लागते. ताठ बसलं की छातीचं शीड होतं. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, वारा बाजूने येतो आणि अंग हललं की तेच हलणं हातांतून हँडलमध्ये जातं. गाडी आपण होऊन डोलत नसते, तिला आपण डोलवत असतो. हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या. आता तिथे गुडघ्यांनी टाकी धरते, ग्रीप सैल सोडते आणि ५० च्या वर जात नाही. सरळ बारवर अंग पुढे वाकलेलं असल्यामुळे पुढच्या चाकावर भार यायचा आणि याच वाऱ्यात गाडी जास्त ठाम वाटायची, हे मान्य करावंच लागेल. पुण्याच्या हायवेवरही तेच. ८० पर्यंत आराम, ९० ला वारा मला मागे ढकलतो आणि मी हँडलला लोंबकळते. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत पाठीचा खालचा भाग बोलायला लागतो, कारण ताठ बसण्यात सगळा भार माकडहाडावर जातो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं हायवेने असेल त्यांनी थोडा पुढे वाक ठेवणारंच हँडल घ्यावं.

एका हँडलने गाडीचा स्वभाव किती बदलतो ते बघायचं असेल तर रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी या दोन गाड्या शेजारी उभ्या करा. इंजिन तेच ६४८ सीसीचं. एकीला रुंद, उंच हँडल आणि दुसरीला खाली बसवलेले क्लिप-ऑन, म्हणजे दोन बाजूंना दोन सुट्या आखूड दांड्या. पायांची जागाही वेगळी आहे, पण बसल्या क्षणी आधी बोलतात ते हात.

थरथर हा वेगळा विषय. एक सिलिंडर म्हटलं की ती असणारच. मूळ हँडलच्या टोकांना वजनं होती, ती नव्या नळीत बसेनात, आतला व्यास वेगळा. पहिले दोन आठवडे वजनांशिवाय चालवलं तर ७५ ला आरशातली मागची गाडी नुसती पुसट डाग दिसायची. नंतर रबर फुगवून घट्ट बसणारी जड वजनं लावली. थरथर गेली नाही, पण वरच्या वेगाकडे सरकली, आणि मी त्या वेगात क्वचितच असते. एवढं मला पुरतं.

दिवाळीत आम्ही दोघं उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला गेलो. मागे माणूस, दोन बॅगा. उतारावर ब्रेक लागला की मागच्याचा भार आपल्या पाठीवर येतो आणि पाठीवरून हातांवर. कोपर वाकलेलं असेल तर तो भार झेलता येतो, ताठ हातावर तो मनगटातच उतरतो. घाट संपल्यावर ह्यांनी विचारलं, "हात कसे आहेत?" तोपर्यंत हातांची आठवणच झाली नव्हती.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून मी मूळच्यापेक्षा रुंद हँडल घेतलंच नाही आणि मूळ हँडल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय.

दिसण्याबद्दल खरं सांगायचं तर पहिला आठवडा जड गेला. सरळ बारचा तो रुबाब यात नाही. पण बाजूने पाहिलं तर ग्रीप मागे उतरत येतात ती रेघ टाकीच्या पाठीशी समांतर जाते आणि गोल दिव्याला शोभते. आता तीच ओळख झाली आहे. वर्गातल्या मुलींना गाडी काढायला सांगितली तर त्या चाकांच्या आधी ही दोन शिंगं काढतात.

एक तक्रार शिल्लक आहे. जावळीच्या पावसात क्रोमला क्लॅम्पपाशी बारीक तांबडे ठिपके आले. केबल घासते तिथेही आले आहेत. उन्हाळ्यात क्लॅम्प उघडून साफ केलं, मेण लावलं आणि बोल्ट पुन्हा सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने आवळून घेतले. यंदाच्या पावसात ठिपके वाढले तर हेच माप काळ्या रंगात घेईन.