ससा घेताना जबड्याखाली हात लावून बघा, आम्ही नाही बघितलं

दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या हट्टापायी पुण्यातल्या एका दुकानातून ससा आणला, 2500 रुपयांना. दुकानदार म्हणाला 3 महिन्यांचं पिल्लू आहे, मिनी जात आहे, एवढाच राहणार. रिक्षात मुलीने मांडीवर घेतलं तेव्हा तिच्याच हाताला लागलं, डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी टणक गाठ. तशीच रिक्षा मागे वळवली. दुकानदार बघून म्हणाला, अहो ताई, गालात चारा साठवतो तो, जिरेल आपोआप. इतक्या खात्रीने म्हणाला की आम्ही ऐकून परत आलो. ससा गालात काहीही साठवत नाही, ते हॅमस्टर करतात, हे नंतर कळलं.

15 दिवसांत गाठ लिंबाएवढी झाली. फोन केला तर म्हणे उष्णता आहे, गरम पाण्याने शेका, पिकून फुटेल, आणि वर 350 रुपये घेऊन लेबल खरवडून काढलेली एक बाटली दिली, लहान मुलांच्या औषधासारखी गुलाबी, गोड वासाची. दोनदा दिलं आणि लेंड्या पातळ झाल्या. त्यात खाणंही कमी, म्हणजे कोथिंबिरीची काडी तोंडात घ्यायचा, दोनदा चावायचा आणि खाली टाकून द्यायचा, परत उचलायचा, परत टाकायचा, हनुवटी सारखी लाळेने ओली. ते बघवत नव्हतं हो.

शेवटी सशांवर उपचार करणारे डॉक्टर शोधले (कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सशातलं कळतंच असं नाही, हे आधी फोनवर विचारा). त्यांनी गळू आहे म्हणून सुई घातली तर काहीच ओढलं जाईना, सुईच्या टोकाला फक्त टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा पू. सशाचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही म्हणे, त्यामुळे गळू आपोआप फुटून वाहून जात नाही, भोवती जाड पिशवी तयार होते आणि ती पूर्ण कापून काढावी लागते. आमच्याची पिशवी इतकी जाड होती की गळू आमच्याकडे यायच्या आधीपासूनचं होतं. आणि वय? वर्षाच्या वर, पूर्ण वाढ झालेला. म्हणूनच ‘एवढाच राहणार’!

एक्स-रेमध्ये खालच्या दाढेचं मूळ जबड्यात घुसलेलं दिसलं. सशाचे दात जन्मभर वाढतात, भरपूर गवत चावूनच ते झिजतात, नुसते दाणे-पाव घातले की दाढा वाढत जातात आणि मुळाशी पू धरतो. मला लगेच दुकानातला पिंजरा आठवला, दहा-बारा ससे एकत्र, वाटीत चणे आणि गवताची एक काडी नाही. असं कोंबून ठेवलं की चावाचावी होते, त्या जखमेतूनही गळू होतं. तारेने खरचटणं, कुसळ रुतणं, कडक जाळीवर बसून तळपायाला पडलेले घट्टे, सर्दीचे जंतू, ही पण कारणं डॉक्टरांनी सांगितली. बाटली हुंगून म्हणाले अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्या जातीचं अँटिबायोटिक) वाटतंय, लगेच बंद करा. या जातीची औषधं सशाला तोंडाने दिली तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

एक दाढ आणि पिशवी काढली, रोज इंजेक्शन, सिरिंजने भरवणं, सगळं मिळून 11000 गेले. दुकानदार म्हणतो तुमच्याकडे झालं असेल, आणि आमच्याकडे पावतीच नाही. ती चूक तुम्ही करू नका, 2018 च्या केंद्राच्या नियमांनुसार अशा दुकानांना राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती दाखवा म्हणून सांगा, पावती लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कडेने फिरवा, डावी-उजवी बाजू सारखी लागते का बघा, हनुवटी ओली आहे का बघा, समोर गवत खायला लावा.

ऑपरेशनला आज 12 दिवस झाले. काल रात्री त्याने कोथिंबिरीची एक काडी खाली न टाकता शेवटपर्यंत खाल्ली, मुलगी शेजारी बसून बघत होती.