चळवळे मूल की आवाजाने-स्पर्शाने बिथरणारे मूल : निर्णयापूर्वीची तुलना

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ढोल-ताशा सुरू झाला की एखादे अडीच वर्षांचे मूल लाकडी नंदीची दोरी टाकून गर्दीत घुसते आणि पुन्हा हाती लागत नाही. त्याच रांगेतले दुसरे मूल दोन्ही कान दाबून आईच्या पदरात शिरते, हातपाय झाडते आणि घरी नेईपर्यंत शांत होत नाही. गावात मात्र दोघांचीही संभावना एकाच वाक्यात होते : ‘पोट्टं लय वांड हाय.’ या दोन वागणुकींमागची कारणे वेगळी असू शकतात, एकीमागे अतिचंचलता, तर दुसरीमागे आवाज-स्पर्श यांसारख्या संवेदनांचा त्रास, आणि पुढे कोणती वाट धरायची हे बरेचसे त्यावरच ठरते.

अतिचंचलतेचा प्रश्न कठीण आहे, कारण या वयात चळवळ हाच मुलांचा स्वभाव असतो. लक्ष द्यावे ते ती किती सर्वत्र आणि किती सतत आहे याकडे. घरी, अंगणवाडीत, मामाच्या गावी, एसटीत, अशी सगळीकडे तीच धावपळ असेल, आवडीच्या खेळातही मूल क्षणभर टिकत नसेल, चुलीचा चटका बसूनही पुन्हा तिकडेच धाव घेत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालले असेल, तर ती नोंद महत्त्वाची आहे. तरीही एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकाराचे, निदान करण्यासाठी लक्षणे किमान ६ महिने आणि किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वेच मुळी ४ वर्षांपासून सुरू होतात. अडीच वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत हा शिक्का मारला जात असेल, तर दुसरे मत घ्यावे.

संवेदनांच्या त्रासाला बहुधा ठरावीक निमित्त असते. सोयाबीनचे मळणी यंत्र किंवा मिक्सर सुरू झाला, जावळ काढायला बसवले, नखे कापायला घेतली, हाताला चिखल लागला, मऊ वरण-भाताऐवजी भाकरीचा खरखरीत घास तोंडात गेला, की एरवी शांत असलेले मूल एकदम बिथरते. खरा गोंधळ होतो तो याच्या उलट प्रकारात. काही मुलांना संवेदना कमी जाणवतात, म्हणून ती अधिकाच्या शोधात असतात : तासभर बंगईवर झुलूनही त्यांना गरगरत नाही, ती भिंतीवर अंग आदळतात, सदऱ्याची कॉलर चावतात, खरचटले तरी रडत नाहीत. दुरून पाहणाऱ्याला ही अतिचंचलताच वाटते. अशा मुलाला झुलायला, जड वस्तू ढकलायला किंवा गोधडीत घट्ट गुंडाळून घ्यायला मिळाले, की ते अनेकदा काही वेळ निवांत होते. ही निदानाची कसोटी नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी खूण नक्कीच आहे. दोन्ही त्रास एकाच मुलात असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

संवेदनांच्या त्रासाला २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानसंहितेत स्वतंत्र आजार मानलेले नाही. ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत मात्र त्याचा समावेश आहे. म्हणून कान झाकणाऱ्या मुलाबाबत केवळ आवाजाविषयी विचारून भागत नाही; पुढचे प्रश्नही विचारावे लागतात. ते हाकेला वळते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? मोठ्यांची नक्कल करते का? दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ यासारखे दोन शब्द जोडते का? १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शक्यता पाहणारी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे, तिच्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

या दोन्हींआधी साध्या गोष्टी तपासणे हिताचे. कान वारंवार वाहत असल्याने कमी ऐकू येणारे मूल हाकेला दाद देत नाही. जंतांच्या खाजेने रात्रभर तळमळलेले मूल दिवसभर चिडचिडे राहते. लोहाची कमतरताही अस्वस्थतेत भर घालते. १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तर ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, आणि उन्हाळ्यात वीज गेलेल्या घरात ती क्वचितच पुरी होते. मोबाइलविषयी लांबण लावत नाही : दोन वर्षांखाली तो नकोच.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे मुलांची तपासणी करणारे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि गरज भासल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. ही सेवा मोफत असून २०१३ मध्ये पालघरपासून तिची सुरुवात झाली. अडचण अंतराची आहे : धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायचे, तर अख्खा दिवस मोडतो. नागपूरच्या खाजगी तज्ज्ञाकडे वेळ लवकर मिळू शकते, पण दर आठवड्याच्या थेरपीसाठी शुल्क, बसभाडे आणि कापूस वेचणीच्या हंगामातली बुडालेली मजुरी यांची बेरीज करून पाहावी. माझ्या मते, ग्रामीण कुटुंबाने एकदा नीट तपासणी करून घ्यावी आणि थेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम आईबरोबरच आजीनेही शिकून घ्यावेत. अर्धवट सुटणाऱ्या महागड्या पॅकेजपेक्षा हे अधिक टिकते. शाळापूर्व वयात अतिचंचलतेवरही पहिला उपाय पालकांचे प्रशिक्षण हाच असतो, गोळी नव्हे.

मूल बोलते, बोट दाखवते, इतरांत खेळते आणि फक्त चळवळे आहे, तर झोप व दिनक्रम सुधारून काही महिने पाहायला हरकत नाही. पण ते हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द गमावत असेल किंवा दोन वर्षांनंतरही शब्द जोडत नसेल, तर पथकाची वाट न पाहता थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. दोन्ही वेळी पंधरा दिवसांची वही सोबत असावी : मूल केव्हा बिथरले, त्याआधी काय घडले, कशाने शांत झाले. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रीकरणही करून ठेवावे, कारण तपासणीच्या खोलीत मूल नेमके वेगळेच वागते. पथकाची पुढची तारीख अंगणवाडी सेविकेला आजच विचारावी; ती फेरी हुकली तर पुढची साधारण सहा महिन्यांनी येते.