प्लाझ्माच्या क्ष-किरण प्रतिमा: इमेज प्लेट, सीसीडी की गेटेड कॅमेरा?

लेझरने तापवलेल्या प्लाझ्माची (विद्युतभारित कणांच्या तप्त वायूची) क्ष-किरण प्रतिमा घेण्यासाठी डिटेक्टर निवडताना नजर आधी पिक्सेलच्या आकाराकडे जाते, आणि निवड बहुधा तिथेच फसते. 10 मायक्रॉनचा पिनहोल (प्रतिमा पाडणारे बारीक छिद्र) आणि दहापट वर्धन अशी साधी मांडणी घेतली, तर टार्गेटच्या, म्हणजे लेझर ज्यावर आदळतो त्या लक्ष्याच्या, मापात 11 मायक्रॉन धूसरपणा एकट्या पिनहोलचाच असतो. मागे सुमारे 100 मायक्रॉन विभेदनक्षमतेची (म्हणजे एवढाच बारीक तपशील वेगळा दाखवणारी) इमेज प्लेट, म्हणजे क्ष-किरणांची प्रतिमा साठवणारी फॉस्फरची पट्टी, लावल्यास एकूण धूसरपणा 15 मायक्रॉनच्या आसपास जातो, तर 13.5 मायक्रॉन पिक्सेलची सीसीडी (सिलिकॉनचा इलेक्ट्रॉनिक प्रतिमा-संवेदक) लावल्यास तो जेमतेम 11 वर राहतो. सातपट बारीक पिक्सेलच्या बदल्यात हाती लागतात ते चारच मायक्रॉन. वर्धन वाढवून हा फरकही कमी करता येतो, मात्र मग प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला येणारे फोटॉन वर्धनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात.

इमेज प्लेटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसल्यामुळे तीव्र लेझरच्या शॉटबरोबर (एका माऱ्याबरोबर) उठणाऱ्या विद्युतचुंबकीय स्पंदाचा तिला उपद्रव होत नाही, शिवाय ती हव्या त्या आकारात कापता येते. फॉस्फरमध्ये साठलेली प्रतिमा लाल लेझरने स्कॅन करताना निळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. पण ही साठवण शॉटनंतर लगेच विरू लागते. त्यामुळे शॉट आणि स्कॅन यांमधले अंतर दर वेळी सारखे ठेवावे लागते आणि प्लेट अंधारातच न्यावी लागते. प्रत्येक शॉटनंतर प्लेट काढण्यात वेळ जातो, तो वेगळाच.

सीसीडीवर प्रतिमा क्षणात मिळते. तांब्याच्या 8 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या के-अल्फा या ठरावीक क्ष-किरणांचा एकेक फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे 2,200 इलेक्ट्रॉन मुक्त करतो; पिक्सेलची क्षमता एक लाख इलेक्ट्रॉनांची असेल, तर पंचेचाळीसेक फोटॉनांतच तो भरून जातो. प्रखर स्रोतासाठी ही मोठी अडचण आहे. स्रोत मंद असेल, तर मात्र हाच गुण कामी येतो, कारण सुटा फोटॉन ओळखून त्याची ऊर्जाही मोजता येते. 10 केईव्हीच्या पुढे पातळ सिलिकॉनमधून बरेचसे किरण आरपार जातात. तिथे सिंटिलेटर (क्ष-किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारा पदार्थ) जोडलेला कॅमेरा बरा.

हे दोन्ही डिटेक्टर संपूर्ण शॉटचा प्रकाश एकत्र साठवतात. सेकंदाला 300 किलोमीटर वेगाने आत कोसळणारे इंधनाच्या कॅप्सूलचे कवच 100 पिकोसेकंदांत 30 मायक्रॉन सरकते, म्हणजे बारीक पिक्सेलचा सारा लाभ गतीच गिळून टाकते. म्हणूनच अमेरिकेतील लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेझर-संलयन केंद्रात मायक्रोचॅनेल प्लेटचे (इलेक्ट्रॉन वाढवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या चकतीचे) गेटेड कॅमेरे, म्हणजे अत्यल्प काळच उघडणारे कॅमेरे, वापरतात; डिटेक्टरवरची त्यांची विभेदनक्षमता सुमारे 50 मायक्रॉन असली तरी ते चालवून घेतले जाते. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेच्या इकारस या सीमॉस (सिलिकॉन चिपच्या एका प्रकारच्या) संवेदकात 25 मायक्रॉनचे 1024 गुणिले 512 पिक्सेल आणि चार फ्रेम आहेत, पण त्याचे शटर नॅनोसेकंदाच्या पातळीवरचे आहे. मंद गतीच्या प्लाझ्मासाठी ते पुरते.

मुंबईच्या टीआयएफआर किंवा इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन संस्थांमधल्यासारखा फेम्टोसेकंद (अत्यल्प स्पंदांचा) लेझर आणि स्थिर घन टार्गेट असेल, तर मी गेटेड कॅमेऱ्याचा खर्च टाळेन. दिवसाला मोजकेच प्रखर शॉट असतील, तर इमेज प्लेट आणि चांगला स्कॅनर घ्यावा. दर सेकंदाला शॉट होत असतील, तर सीसीडी घेऊन तिच्या केबल व वाचन-यंत्रणेला विद्युतचुंबकीय स्पंदापासून वाचवणाऱ्या आवरणासाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी. कोणताही पर्याय ठरला, तरी विक्रेत्याकडून आपल्याच फोटॉन-ऊर्जेवर धारदार कडेची छाया घेऊन मोजलेली विभेदनक्षमता मागून घ्यावी, कारण माहितीपत्रकातला पिक्सेलचा आकडा ती सांगत नाही.