अवॉर्ड सीझनसाठी घेतलेला साउंडबार : दिवाळी ते गणपती वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) मस्त आहे, ज्यांच्यासाठी घेतला ते पिक्चर बोगस. कंपनीचं नाव लिहीत नाही, या रेंजमधले सगळे थोड्याफार फरकाने असेच असतात, ५.१ म्हणजे आवाजाचे पाच चॅनल आणि एक घुमणाऱ्या आवाजाचा, त्यासाठी वेगळा वूफर, मागे दोन छोटे स्पीकर. दिवाळी ऑफरला घेतला तेव्हा डोक्यात एकच होतं की जानेवारीतल्या गोल्डन ग्लोबपासून ऑस्करपर्यंत गाजणारे सगळे पिक्चर यंदा घरी नीट बघायचे, कारण नाशकात असला पिक्चर लागलाच तर सकाळी दहाचा नाहीतर रात्री अकराचा एक शो, आणि पुढच्या शुक्रवारी तोही गायब.

तर अनुभव असा की या पिक्चरांत माणसं बोलत नाहीत, पुटपुटतात. आई शेजारी बसून दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला रे तो?", मी रिमोटने दहा सेकंद मागे, परत तेच पुटपुटणं, आवाज ३५ वर नेला की पुढच्याच सीनला कोणीतरी दार आपटतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. मिक्सिंग थिएटरच्या हिशोबाने केलेलं असतं, हळू ते फारच हळू आणि मोठं ते कान फाडणारं, त्यात आजकालच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून, कळणार काय कपाळ? इथे साउंडबारने खरंच फरक पडला, कारण ५.१ मध्ये डायलॉग बहुतेक मधल्या सेंटर चॅनलमधून येतात आणि तेवढाच चॅनल वाढवता येतो. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' या पर्यायावर राहिला असेल तर बारला नुसता दोन चॅनलचा स्टिरिओ जातो, तो 'पास-थ्रू' (म्हणजे आवाज आहे तसा बारकडे) करून घ्या, इन्स्टॉलेशनवाला तसाच सोडून गेला होता. रात्री नाइट मोड (मोठे आवाज दाबणारं सेटिंग) लावायचा, वूफरखाली जाड सतरंजी, तेव्हापासून काकूंचा फोन बंद.

या पिक्चरांतला अंधार हा दुसरा वैताग, त्याला साउंडबार काय करणार. पडदे ओढा, ट्यूब बंद करा, तरी टीव्हीच्या काचेत आपलंच थोबाड दिसतं.

आणि लांबी! 'द ब्रुटलिस्ट' ३ तास ३५ मिनिटांचा, पण त्यात डायरेक्टरनेच १५ मिनिटांचं इंटरव्हल ठेवलंय, तेवढ्यासाठी मी त्याला मानतो. बाकीच्यांना तेही सुचत नाही. अडीच-पावणेतीन तास, त्यातली चाळीस मिनिटं हिरो खिडकीबाहेर बघतोय, अजून बघतोय, आपण चहा टाकून आलो तरी बघतोयच.

खरा राग मात्र वेगळाच आहे. ऑस्करला पात्र व्हायला अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा भागांपैकी एका ठिकाणी सात दिवस पिक्चर थिएटरात चालला तरी भागतं, म्हणून हे लोक डिसेंबरच्या शेवटी तिकडे कुठेतरी लावून मोकळे होतात, आणि आपल्याकडे ओटीटीवर येईपर्यंत बक्षिसं वाटून झालेली, शेवट काय आहे तेही कळलेलं. लग्न उरकल्यावर पत्रिका हातात पडावी तसं. वर वर्षाचे पैसे भरलेल्या ॲपवर त्याच पिक्चरचं वेगळं भाडं मागतात ते निराळंच.

३ मार्च २०२५ ला सोमवार असून पहाटे साडेपाचला उठून ऑस्करचा सोहळा लावला. 'अनोरा'ला पाच ऑस्कर, आणि त्याचा डायरेक्टर शॉन बेकर स्टेजवरून सांगतोय की पिक्चर थिएटरमध्ये जाऊन बघा. अरे बाबा, आम्ही तयार आहोत, तू नाशकात शो लावायला सांग! फाळके आमच्या त्र्यंबकचे, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक, आणि त्यांच्याच गावात धड एक संध्याकाळचा शो मिळू नये?

पुढे एप्रिलमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम काढला की शेवटच्या फेरीत मत द्यायचं तर त्या कॅटेगरीतले नामांकन मिळालेले सगळे पिक्चर बघितलेले पाहिजेत. म्हणजे आत्तापर्यंत न बघता पण चालत होतं! आम्ही इथे पैसे भरून, डोळे ताणून बघतोय आणि मत देणाऱ्यांवरच सक्ती करावी लागते.

आपल्याकडेही आनंदच आहे म्हणा, २०२३ चे राष्ट्रीय पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. पण त्यात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'श्यामची आई' होता म्हणून तो एका रविवारी लावला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि आईने पूर्ण पिक्चरभर एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही. सेंटर चॅनल पण नॉर्मलला ठेवला होता.

पुढच्या जानेवारीला एकच सबस्क्रिप्शन ठेवणार, साउंडबार राहील. मागचे दोन स्पीकर ज्यांची खोली छोटी आहे त्यांनी घेऊ नका, माझा एक सोफ्यामागे धूळ खात पडलाय. आणि भिंतीवर लावणार असाल तर बॉक्समधले स्क्रू आपल्या विटांच्या भिंतीत धरत नाहीत, फिशर (भोकात बसवायचे प्लॅस्टिकचे गट्टू) वेगळे आणा.